वकिली आणि वही : चांदोरीच्या हिंगण्यांविषयी

पिंपळगाव बसवंतचा टोलनाका ज्या रस्त्यावर आहे त्याला आम्ही अजून ‘आग्रा रोड’ म्हणतो. कांद्याचे आणि टोमॅटोचे ट्रक याच रस्त्याने उत्तरेला जातात. अठराव्या शतकात नाशिकहून दिल्लीला निघालेला माणूसही साधारण याच दिशेने जाई : चांदवड, मालेगाव, तापी ओलांडून सेंधव्याचा घाट, मग माळवा. या वाटेने गेलेल्या एका घराण्याचे गाव आमच्या निफाड तालुक्यातच आहे. नाशिकहून निफाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोदावरीच्या काठी चांदोरी लागते, पलीकडच्या तीरावर सायखेडा. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की नदीतली जुनी मंदिरे दिसतात, आणि पावसाळ्यात पूर आला की वर्तमानपत्रात या दोन गावांची नावे जोडीने येतात. चांदोरीला हिंगण्यांचा वाडा आहे. हे हिंगणे पेशव्यांचे दिल्लीतले वकील. वकील म्हणजे आजच्या भाषेत राजदूत.

मुत्सद्देगिरी सोडून व्यापारात गेलेल्या माणसांविषयी हल्ली बरेच लिहिले जाते. हेन्री किसिंजर यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडल्यावर १९८२ मध्ये सल्लागार कंपनी काढली आणि राजवाड्यांतली ओळख हे विकता येणारे भांडवल असते हे जगाला उघड दिसले. आपल्याकडे निवृत्त सनदी अधिकाऱ्याला खासगी कंपनीत जायचे असेल तर ठरावीक मुदतीच्या आत सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही मुदत पूर्वी दोन वर्षे होती, आता एक आहे. या नियमामागे एक गृहीत आहे. राज्याची सेवा आणि स्वतःचा धंदा ही दोन वेगळी खोल्यांतली कामे आहेत, मधले दार काही काळ बंद ठेवले म्हणजे झाले. हिंगण्यांच्या कागदांवर आजवर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे लेखन हेच गृहीत मनात धरून केलेले आहे. वकील होते, मग सावकार झाले, म्हणून बिघडले, असा त्याचा सूर असतो. हा सूर मला चुकीचा वाटतो. हिंगण्यांना निर्दोष ठरवावे असे मात्र मला म्हणायचे नाही. दोष आहे, पण आपण तो भलत्या ठिकाणी शोधतो आहोत.

आधी थोडा इतिहास. महादेवभट हिंगणे हे नाशिकचे क्षेत्रोपाध्ये, पेशव्यांच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय. बाळाजी विश्वनाथ १७१८-१९ मध्ये सय्यद बंधूंपैकी हुसेन अलीच्या बरोबर दिल्लीला गेले आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, त्या स्वारीत महादेवभट होते. पुढे तेच पेशव्यांचे दिल्लीतले वकील झाले आणि १७४४ च्या सुमारास दिल्लीतच त्यांचा अंत झाला. बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव ही पुढची पिढी. बापूजी महादेव आणि दामोदर महादेव ही नावे पानिपतपूर्वीच्या दहा वर्षांत सतत भेटतात. पुरुषोत्तम महादेव पानिपतानंतरही टिकले, आणि त्यांच्या मागे गोविंदराव पुरुषोत्तम. म्हणजे एका घराण्याने पाऊण शतकाच्या आसपास दिल्लीच्या दरबारात पुण्याचे कान आणि डोळे म्हणून काम केले. मराठी इतिहासात दुसऱ्या कोणत्या वकील घराण्याने असा मुक्काम केल्याचे मला आठवत नाही.

भिक्षुकाला वकील का केले, हा प्रश्न वाचकाला पडतो आणि बहुतेक लेखक ‘विश्वासू होते’ एवढ्यावर तो सोडून देतात. मला यात त्याहून अधिक काही दिसते. तीर्थोपाध्यायाचे काम नीट पाहा. दूरदूरच्या यजमानांच्या नामावळ्या त्याच्या वहीत असतात. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, कधी आला, काय देऊन गेला, काय देईन म्हणून गेला, हे तो पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतो. परप्रांतीयाशी त्याच्या मानाप्रमाणे बोलावे लागते. यात्रेकरूला पैसे कमी पडले तर द्यावे लागतात, आणि ते दिलेले पैसे गोड बोलून परत मिळवावेही लागतात. नाशिकच्या घाटावर हे शिकलेल्या माणसाला दिल्लीच्या दरबारात नवे काय शिकायचे उरले असेल? फारसी, आणि अमीर-उमरावांचे रुसवेफुगवे. वहीची शिस्त त्याच्याकडे आधीच होती. भिक्षुकी, वकिली, सावकारी या तीन पायऱ्या मानायच्या, की एकाच वहीची तीन पाने? मी दुसऱ्या बाजूचा आहे.

‘वकील’ हा शब्दही याच बाजूने साक्ष देतो. दुसऱ्याच्या वतीने, दुसऱ्याच्या भरवशावर काम करणारा तो वकील. राजाचा वकील आणि पेढीचा गुमास्ता यांच्यात त्या काळी नात्यापेक्षा मानाचा फरक अधिक होता. १७८४ मध्ये बादशहाकडून पेशव्यांना मिळालेले सर्वांत मोठे पद तरी कोणते? वकील-इ-मुतलक. नायब म्हणून ते महादजी शिंद्यांनी चालवले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दिल्लीतल्या वकिलाचा दिवस कशात जात असे? इतिहासाच्या पुस्तकांवरून वाटते की कारस्थानांत. पत्रे वाचताना वाटते की तगाद्यात. १७५२ च्या एप्रिलमधला करार घ्या. अब्दालीपासून आणि घरच्या बंडखोरांपासून बादशाहीचे रक्षण मराठ्यांनी करायचे, त्याबद्दल ५० लाख रुपये आणि आग्रा-अजमेरची सुभेदारी मिळायची. सफदरजंगाने बोलणी केली, शिंदे-होळकरांनी शब्द दिला. शाळेच्या पुस्तकात हा करार मराठी सत्तेचा कळस म्हणून येतो. पण ज्या दरबाराने हे ५० लाख कबूल केले त्याला स्वतःच्या शिपायांचा पगार देता येत नव्हता. करार झाला त्या दिवसापासून ती एक वसूल न होणारी उधारी होती. सरदार छावण्या उठवून निघून गेले आणि उधारीचा कागद वकिलाच्या दारात राहिला. दोन वर्षांनी, १७५४ मध्ये, होळकरांच्या बळावर इमाद-उल-मुल्क वजीर झाला, पुन्हा मोठ्या रकमांची वचने झाली, पुन्हा कागद वकिलाकडे. राजदूताचे काम म्हणजे कर्जवसुली असे इथे झाले होते. हे काम करणाऱ्याने सावकारीची भाषा बोलू नये अशी अपेक्षा करणे म्हणजे पोहणाऱ्याने ओले होऊ नये म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, पैसा पुण्याला पोचवायचा कसा. रोख पाठवणे म्हणजे वाटेतल्या प्रत्येक गढीवाल्याला आमंत्रण. म्हणून हुंडी. दर्शनी असो की मुदती, हुंडी मिळते ती पत असलेल्याला. दिल्लीचा पेढीवाला हुंडी देतो ती पेशव्यांच्या शिक्क्याकडे बघून नव्हे. समोर बसलेल्या माणसाचे घर, त्याचा वाडा, त्याचे येणे-देणे बघून तो ती देतो. हुंडणावळ किती लावायची हेही त्यावरच ठरते. म्हणजे वकिलाची स्वतःची श्रीमंती हे राज्याच्या कामाचे हत्यार होते. गरीब वकील पुण्याला निरुपयोगी ठरला असता. पालखी, हुजरे, जासूद, कारकून, दरबारातल्या नजराण्यांपासून दारवानाच्या बक्षिसीपर्यंत सगळा खर्च चालू असे आणि पुण्याहून त्याची भरपाई वेळेवर होत नसे. वकिलांच्या पत्रांत कर्जाचे रडगाणे इतके नेमाने येते की वाचक ते ओलांडून पुढे जायला शिकतो. मीही पहिल्या वाचनात तसेच केले. दुसऱ्या वाचनात मात्र तेवढीच वाक्ये टिपून घेतली, आणि मग हे घराणे कसे उभे राहिले ते दिसू लागले. राज्य पैसे देत नाही, म्हणून वकील स्वतःच्या पतीवर कर्ज काढतो. ते फेडण्यासाठी दिल्लीत देवघेव करतो. उमरावांची कामे पुण्याकडून करून देतो, त्याबद्दल बादशाही मुलखात गावे मिळवतो. या प्रक्रियेत ‘आता वकिली संपली आणि व्यापार सुरू झाला’ असा दिवस सापडत नाही.

त्या काळाच्या मानाने यात जगावेगळे काही नव्हते. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर बाजीरावांचे गुरू आणि सावकारही. त्यांच्या पत्रव्यवहारात आशीर्वाद आणि व्याज शेजारी शेजारी बसतात. बारामतीकर जोशी पेशव्यांचे सावकार, आणि पेशव्यांची मुलगी त्यांच्या घरात दिलेली. राज्य उधारीवर चालले होते आणि ती उधारी देणारेच राज्यकर्त्यांच्या पंगतीला होते. थोरल्या माधवरावांनी मृत्यूपूर्वी जी कलमांची यादी केली तीत कर्ज फेडण्याचा विषय आहे, हे ‘स्वामी’च्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मग हिंगण्यांनाच लोभी का म्हणायचे?

म्हणायचे, पण वेगळ्या कारणासाठी. त्यासाठी अंताजी माणकेश्वर यांच्याकडे वळावे लागते. १७५० नंतरच्या दशकात अंताजी फौजेनिशी दिल्लीत राहिले. ते शिपाईगडी, पण दरबारात त्यांचीही ऊठबस. हिंगणे आणि अंताजी यांचे जन्मात पटले नाही. दोघेही पुण्याला पत्रे लिहीत आणि एकमेकांच्या हिशेबावर बोट ठेवीत. अंताजींवर आरोप असा की फौज कागदावर जितकी तितकी जागेवर नाही. हिंगण्यांवर असा की सरकारचे काम बाजूला ठेवून घर भरतात. इतिहासकारांनी या भांडणात बाजू घेतल्या आहेत. मला बाजू घेण्यात रस नाही. या भांडणाचा परिणाम काय झाला, तो महत्त्वाचा. नानासाहेबांच्या हातात दर महिन्याला दोन दिल्ल्या येत होत्या. एका दिल्लीत वजीर भरवशाचा होता, दुसऱ्या दिल्लीत तोच दगाबाज होता. आणि हजार मैलांवर बसलेल्या धन्याला एक साधी गोष्ट कळत नव्हती : अमुक उमराव चांगला आहे असे वकील लिहितो ते त्याचा स्वभाव पाहून, की त्याच्याकडे अडकलेले स्वतःचे पैसे पाहून?

इथे माझ्या मते खरा दोष आहे. वकिलाने धंदा केला हा दोष नव्हे. त्याच्या धंद्याचे खाते धन्याला दिसत नव्हते हा दोष, आणि तो दोघांचा. ज्याचे कर्ज एखाद्या दरबारात गुंतले आहे त्याला तो दरबार बुडालेला परवडत नाही. तो खोटे लिहीलच असे नाही, पण खरे लिहिताना त्याचा हात जरा अडखळतो. १७५३ ते १७६० या काळातले दिल्लीचे प्रत्येक पत्र हे माहीत ठेवून वाचायला हवे. आपण ते तसे वाचत नाही. पानिपतचे कारण शोधायला म्हणून वाचतो, मग नजीबखान, अब्दाली, सूरजमल ही नावे आली की थांबतो आणि आकडे आले की पान उलटतो.

हा वाचनाचा दोष जुना आहे आणि त्याला सन्माननीय पूर्वज आहेत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत पानिपतच्या अपयशाची जबाबदारी वाटताना गोविंदपंत बुंदेल्यांना त्यांनी सोडले नाही. गोविंदपंत वसुलीचे माणूस. भाऊसाहेब पैसा मागत राहिले आणि तो हवा तितका आला नाही. ते स्वतः डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीची रसद तोडताना अंतर्वेदीत मारले गेले. तरी मराठी मनात त्यांची प्रतिमा हिशेबात गोंधळ करणाऱ्या मामलेदाराचीच राहिली. तलवारीने हरला तो वीर, वहीने हरला तो चोर, असा आपला न्याय आहे. कादंबऱ्यांनी तो पक्का केला. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’सारख्या गाजलेल्या कादंबरीचा वाचक भाऊसाहेबांबरोबर रडतो. दिल्लीच्या वकिलाच्या कारकुनाबरोबर रडण्याची सोय मराठी ललित लेखनात अजून नाही. आणि त्याच भाऊसाहेबांना १७६० च्या पावसाळ्यात दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून रुपये पाडावे लागले, तेव्हा हाती सुमारे नऊ लाख आले. ज्या शहरात चाळीस वर्षे आपला वकील बसला होता त्या शहरात सेनापतीला पत मिळू नये, छत काढावे लागावे, या गोष्टीचा विचार वीररसात होत नाही. तो हुंडीच्या भाषेतच करावा लागतो. उत्तरेत पुण्याची पत उरली नव्हती. वकिलाची स्वतःची होती की नव्हती हा वेगळा प्रश्न, पण ती राज्याच्या कामी येईल अशी रचनाच कोणी केली नव्हती.

साधनांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. द. ब. पारसनिसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ काढून पानिपतानंतरच्या वकिलीचा कागद उजेडात आणला. ग. ह. खरे यांनी संपादिलेले ‘हिंगणे दफ्तर’ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केले. खऱ्यांची शिस्त, तारखांची चिकाटी, ही आज दुर्मिळ झालेली चीज आहे आणि ती पुस्तके हाताळताना मान आपोआप लवते. तक्रार आहे ती आपल्याविषयी. एवढा कागद छापून पडला असताना हिंगण्यांच्या अर्थव्यवहारावर एक सबंध पुस्तक मराठीत असायला हवे होते. आजचा मराठी राजदूत आपली गोष्ट स्वतः सांगतो. ज्ञानेश्वर मुळे यांचे ‘माती, पंख आणि आकाश’ घरोघरी गेले. हिंगण्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, त्यांनी देणी-घेणी लिहिली. ती वाचायला आपण कंटाळतो.

तुलनेसाठी नागपूरकर भोसल्यांचा वकील घेण्यासारखा आहे. बेनीराम पंडित कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे होता. १७८१ मध्ये चेतसिंगाच्या प्रकरणात बनारसला हेस्टिंग्ज अडचणीत सापडला, जीव वाचवून चुनारला गेला, जवळ शिपायांना द्यायला पैसा नाही. तेव्हा बेनीराम आणि त्याचा भाऊ विश्वंभर यांनी त्याला एक लाख रुपये देऊ केले. पुढे त्याबद्दल त्यांना जहागीर मिळाली. याच वेळी पुणे दरबार इंग्रजांशी लढत होता, हे लक्षात घ्या. म्हणजे एका मराठी राज्याच्या वकिलाने दुसऱ्या मराठी राज्याच्या शत्रूला खासगी कर्ज दिले. हिंगण्यांच्या बाबतीत मला असे टोक दिसत नाही. त्यांचा पैसा दिल्लीत होता, तरी मन पुण्याला आणि गोदेकाठी होते. निदान वाडा त्यांनी इथे बांधला. बेनीरामची सोय मात्र गंगेकाठी झाली. वकिलाचा पैसा कुठे गुंतला आहे एवढे न पाहता शेवटी तो कुठे परत येतो हेही पाहावे, असे या दोन उदाहरणांवरून मला वाटते. हे मत घाईचे आहे असे कोणी म्हटले तर मी फार वाद घालणार नाही.

या विषयात मला गोडी लागली त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या भागात द्राक्षाचा माल उतरतो, व्यापारी गाडी भरून नेतो, हिशेबपट्टी मागाहून येते. कधी येतच नाही. एका हंगामात आमच्या घरचे पैसे असेच अडकले. व्यापारी परगावचा होता, मधला माणूस गावचा, ओळखीचा, लग्नकार्यात जेवायला असणारा. दर आठवड्याला तो सांगे, ‘काका, पार्टी चांगली आहे, मी स्वतः बघून आलो.’ तो खोटे बोलत नव्हता हे नंतर समजले. त्याचे स्वतःचेही पैसे तिथेच गुंतले होते, आणि पार्टी चांगली निघण्याची त्याला आमच्याहून अधिक गरज होती. तो बुडाला तेव्हा आम्हीही बुडालो. वडील त्याला शेवटपर्यंत चोर म्हणाले नाहीत. ‘त्याची वही आपण कधी मागितली नाही,’ एवढे म्हणत. हिंगणे आणि पेशवे यांचा पत्रव्यवहार वाचताना मला त्या माणसाचा चेहरा दिसतो, हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नसले तरी सांगून टाकतो.

पानिपतानंतरचा भाग मी आटोपता घेतो, कारण त्यात घराण्याचे तेज कमी आणि टिकून राहण्याची धडपड अधिक आहे. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले, पुढच्या वर्षाच्या आरंभी शाह आलम तख्तावर परतला, पुरुषोत्तम महादेव पुन्हा पत्रे लिहू लागले. पण उत्तरेचा कारभार महादजींच्या हाती एकवटला तसा पुण्याच्या स्वतंत्र वकिलाला अर्थ कमी उरला. बादशहाचा मुखत्यारच मराठा सरदार झाल्यावर त्याच्या दरबारात मराठी वकील कशासाठी? नाना फडणिसांना तो हवा होता, महादजींवर नजर ठेवण्यासाठी. म्हणजे हिंगणे आता परराज्यातले वकील राहिले नव्हते. आपल्याच माणसाच्या छावणीतले बातमीदार झाले होते. हे काम पतीवर चालत नाही, मर्जीवर चालते, आणि घाटावरच्या वहीने हे शिकवलेले नव्हते.

चांदोरीला गेलो तेव्हा नदीला पाणी होते, मंदिरांचे फक्त कळस वर. वाड्याजवळ एका आजोबांना विचारले, हे हिंगणे कोण? ते म्हणाले, ‘दिल्लीचे सावकार.’ मी म्हटले, वकील ना? त्यांनी जरा विचार केला. ‘तेच ते,’ म्हणाले, आणि सायखेड्याच्या पुलाकडची वाट दाखवली.